शिसं टिपणाऱ्या नळ्या

खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस फसफसून वर येतो. रक्तातलं एक विकर (एन्झाइम) त्या द्रवाचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फेस म्हणजे त्या ऑक्सिजनचे बुडबुडे. प्लॅटिनमही हेच काम करतं, आणि त्या बुडबुड्यांच्या रेट्यावर एक यंत्र पोहतं.

संशोधक सॅम्युएल सांचेझ यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेलं हे यंत्र म्हणजे केसाच्या जाडीहूनही लहान नळी. आतला थर प्लॅटिनमचा: पाण्यात मिसळलेलं पेरॉक्साइड तिथे फुटतं, बुडबुडे एका तोंडातून सुटतात आणि नळी उलट दिशेला पळते. मधला थर निकेलचा, त्यामुळे लोहचुंबकाने तिला वळवता येतं. बाहेर ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे कार्बनचा अतिपातळ पापुद्रा. शिशाचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले त्याचे विद्युतभारित कण, त्याला चिकटतात.

लिटरमागे १००० मायक्रोग्रॅम शिसं असलेल्या पाण्यात नळ्या सोडल्यावर ते प्रमाण तासाभरात ५० च्या खाली आलं. न हलणाऱ्या नळ्यांनी मात्र याच्या दहावा हिस्साच शिसं टिपलं. मला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. स्थिर पृष्ठभाग लगतचं शिसं चटकन टिपतो आणि मग दूरच्या आयनांची वाट पाहत राहतो. ते येतात रमतगमत. धावती नळी स्वतःच त्यांच्यापर्यंत पोचते, वर तिचे बुडबुडे पाणी ढवळतात.

नंतर नळ्या चुंबकाने गोळा करून आम्लात धुवायच्या. शिसं सुटतं, नळ्या पुन्हा कामाला लागतात. एरवी सांडपाण्यातले धातू चुना घालून खाली बसवतात आणि तो गाळ धोकादायक कचरा म्हणून पुरावा लागतो. इथे धातू हाती परत येतो.

पण भारतात पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. ५० म्हणजे तिच्या पाचपट. शिवाय नदीत पेरॉक्साइड ओतता येत नाही. म्हणून प्रागच्या मार्टिन पुमेरा यांच्या गटाचं २०२२ चं काम मला जास्त आशेचं वाटतं. त्यांचे लोह ऑक्साइडचे कण इंधनाविना, चुंबकीय क्षेत्रावर चालतात. त्यांच्यावरचं बहुवारिक (पॉलिमर) गार पाण्यात कणांना सुटं ठेवतं. पाणी कोमट झालं की कण, इथे शिशाऐवजी, आर्सेनिक पकडून गोळा होतात, आणि पुन्हा गार केलं की आर्सेनिक सोडून देतात. १०० मिनिटांत ६५ टक्के आर्सेनिक निघालं, आणि कण धुवायला आम्लही लागलं नाही.