मूर्ती, व्ही. के.

(२६ नोव्हेंबर १९२३ – ७ एप्रिल २०१४). हिंदी चित्रपटसृष्टीतील श्रेष्ठ छायालेखक. पूर्ण नाव वेंकटराम पंडित कृष्णमूर्ती. जन्म म्हैसूरचा. बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून छायालेखनाची पदविका घेऊन ते मुंबईत आले आणि छायालेखक फली मिस्त्री यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. व्हायोलिनही ते वाजवत.

दिग्दर्शक गुरुदत्त यांच्याशी त्यांची गाठ ‘बाजी’च्या (१९५१) वेळी पडली. छायालेखक होते व्ही. रात्रा, मूर्ती त्यांचे साहाय्यक. एका गाण्यासाठी मूर्तींनी आरशातल्या प्रतिबिंबापासून सुरू होणारा अवघड शॉट सुचवला आणि रात्रा यांच्या संमतीने स्वतःच घेतला. पुढच्याच ‘जाल’ (१९५२) चित्रपटाचा कॅमेरा गुरुदत्त यांनी त्यांच्या हाती दिला. ‘आर पार’, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’ ही या सहवासाची फळे.

‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्या लांबरुंद पडद्यावरची रिकामी जागा भरून काढण्याऐवजी मूर्तींनी ती अंधारासाठी राखली. ‘वक्त ने किया क्या हसीं सितम’ या गाण्यात वरून उतरणारी उन्हाची तिरीप सर्वांना ठाऊक आहे. स्टुडिओतल्या दिव्याचा झोत पुढे जाताना फाकतो. सूर्यकिरण जवळजवळ समांतर येतात. म्हणून त्यांनी बाहेर उन्हात मोठा आरसा ठेवला, त्यातून आलेला प्रकाश आत उंचावरच्या दुसऱ्या आरशावर घेतला आणि तिथून खाली सोडला. ज्याच्या अंगावर ऊन येते तो उजळतो, बाकीचा स्टुडिओ काळोखात राहतो. नायक-नायिकेमधले अंतर संवादाविना कळते. चित्रपट तिकीटबारीवर पडला, मूर्तींना मात्र फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘साहिब बीबी और गुलाम’साठी (१९६२) तो पुन्हा मिळाला. त्यातल्या ‘साकिया आज मुझे नींद नहीं आएगी’ या गाण्यात मुख्य नर्तिका लख्ख उजेडात आणि मागच्या साथीदार नर्तिका नुसत्या सावल्या दिसतात. कुठे प्रकाश टाकायचा यापेक्षा कुठे टाकायचा नाही, यावर त्यांची हुकमत अधिक होती.

गुरुदत्त यांच्या निधनानंतर (१९६४) त्यांनी प्रमोद चक्रवर्ती यांच्या ‘लव्ह इन टोकियो’, ‘नया जमाना’, ‘जुगनू’ अशा रंगीत, लोकप्रिय चित्रपटांचे छायालेखन केले. तेही सफाईदार आहे, पण कृष्णधवल चित्रांतली खोली तिथे क्वचितच जाणवते.

दूरदर्शनवरील त्यांच्या कामाची दखल मात्र त्या मानाने फारच कमी घेतली गेली. एकेकाळी त्यांचे साहाय्यक असलेले गोविंद निहलानी यांनी ‘तमस’ (१९८८) ही मालिका दिग्दर्शित केली, तेव्हा तिच्या छायालेखनात मूर्ती त्यांच्यासोबत होते. त्याच काळात श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या ‘भारत एक खोज’साठीही त्यांनी छायालेखन केले. पासष्टीच्या घरातल्या माणसाने मालिकेच्या घाईगर्दीत हे काम केले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

२००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. हा सन्मान मिळालेले ते पहिले छायालेखक. बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.