बटन बंद केलं, तरी सॉकेटमध्ये करंट कसा?

गेल्या गणपतीतली गोष्ट. रात्री मखराच्या एलईडी माळेचं बटन बंद केलं, हॉलमधला लाईट घालवला, आणि बघतो तर माळ अंधारात अगदी मंद, काजव्यासारखी पेटलेलीच. आधी वाटलं भास होतोय, पण आईलाही दिसली. मग प्लग काढला, टेस्टर शोधला (जो लागतो तेव्हा कधीच सापडत नाही) आणि बटन बंद ठेवूनच सॉकेटच्या उजव्या भोकात घातला, तर आतला नारिंगी दिवा मस्तपैकी लागला. हा सॉकेट आठवडाभरापूर्वीच घाईघाईत एकाकडून बसवून घेतला होता आणि "बघा, चालू-बंद होतंय" एवढ्यावर काम पास झालं होतं.

गडबड काय होती ते सांगतो. बोर्डात तीन वायरी येतात, लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. नियम असा की लाल वायर आधी बटनात जाते, बटनातून एक छोटा तुकडा निघून सॉकेटच्या उजव्या टर्मिनलला लागतो (समोरून बघताना, अर्थिंगचं मोठं भोक वर असताना उजवीकडचं), आणि काळी आणि हिरवी मध्ये कुठेही न थांबता थेट सॉकेटला. आमच्याकडे उलटं केलेलं, लाल थेट सॉकेटला आणि बटन काळ्या वायरीवर.

आता गंमत अशी की माळ चालू-बंद व्हायला याने फारसा फरक पडत नाही. करंट वाहायला पूर्ण फेरी लागते, फेजकडून माळेत, माळेतून न्यूट्रलकडे, मग ही फेरी अलीकडे तोडा की पलीकडे, माळ (तो मंद उजेड सोडला तर) बंदच होणार. पण अलीकडे तोडली तर माळेपर्यंत २३० व्होल्ट पोचतच नाहीत, आणि पलीकडे तोडली तर ते माळेच्या प्रत्येक वायरीत येऊन बसतात, फक्त परतीचा रस्ता बंद असतो (थेंबभर करंट तरीही झिरपतो, त्यावरच आमची माळ मंद पेटलेली). तो रस्ता तुम्ही होऊ शकता. ओल्या हाताने, अनवाणी, "बटन तर बंद आहे" म्हणत माळ सारखी करायला गेलात की फेरी पूर्ण. अंगाचा रोध १००० ओहम धरला तर २३० मिलीअँपिअर, आणि हृदयाची लय बिघडायला याहून बरंच कमी पुरतं. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटन) इथे काही कामाची नाही, तिच्या दृष्टीने पाव अँपिअर म्हणजे काहीच नाही. इथे वाचवते ती ३० मिलीअँपिअरवाली आरसीसीबी, कारण ती गेलेला आणि परत आलेला करंट जुळतो का तेवढंच बघत बसलेली असते, जुळला नाही की लाईन तोडते.

मग टेस्टर धरताना आपल्याला शॉक का बसत नाही? तिथेही फेरी आपल्या अंगातूनच पूर्ण होते की! पण टेस्टरमध्ये निऑनच्या दिव्याबरोबर साधारण १० लाख ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे करंट पाव मिलीअँपिअरच्याही आत राहतो, आणि मुंग्या आल्यासारखं जाणवायलाच १ मिलीअँपिअरच्या आसपास लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाकडे सॉकेटला बटनच नाही, प्लग खुपसला की चालू. काही खोल्यांत मात्र दाराजवळचं बटन समोरच्या भिंतीवरच्या जोडसॉकेटचा फक्त अर्धा भाग चालू-बंद करतं, टेबललॅम्पसाठी, आणि त्यासाठी सॉकेटच्या फेजच्या बाजूची दोन टर्मिनल जोडणारी छोटी पितळी पट्टी तोडून टाकतात. तिथे १२० व्होल्ट, पण बटन फेजवरच हवं, हे तिथेही तसंच.

दुसरी भानगड सैल स्क्रूची. टर्मिनलचा स्क्रू नीट आवळला नसेल तर तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. माळ लावली तर काहीच कळणार नाही. पण त्याच सॉकेटवर २००० वॅटचा गीझर लावला की पावणेनऊ अँपिअर, आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे त्या एवढ्याशा स्क्रूपाशी ३८ वॅटच्या आसपास. वायरी जोडायला कथील वितळवणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! सॉकेट काळा पडतो, जळका वास येतो, तो यातूनच. म्हणून गीझरला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि जाड वायर, ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून भागवायचं नाही.

आमचं काम लायसन्सवाल्या वायरमनने दुसऱ्या दिवशी मेन बंद करून दहा मिनिटांत सरळ केलं, बटन काळ्या वायरीवरून लालवर. माळ विझली ती पूर्ण विझली. जिन्यातला एलईडी दिवा मात्र बंद केल्यावरही रात्री किंचित उजळतोच, म्हणून त्याला तोही दाखवला, तर तिथलं वायरिंग बरोबर निघालं. जिन्याला वर आणि खाली दोन बटनं, त्यामुळे एकाच पाइपातून फेज असलेली आणि त्या वेळी बंद असलेली अशा दोन वायरी लांबपर्यंत शेजारी शेजारी जातात आणि दोघींचा मिळून एक बारीकसा कपॅसिटर (एकमेकींना न टेकताही किंचित एसी करंट पलीकडे जाऊ देणारी जोडी) तयार होतो, त्यातून जो थेंबभर एसी करंट झिरपतो त्यात जुना पिवळा बल्ब कधीच लागला नसता, एलईडीला तेवढा पुरतो.