पेटीसमोरची गर्दी: ओळखफेरी की लूट?

चार-सहा दिवसांची झड थांबते, दुपारी लख्ख ऊन पडतं आणि मधपेटीसमोर एकाएकी माश्यांचा घोळका घोंघावू लागतो. या तरुण माश्या घराची जागा डोळ्यांत साठवत, म्हणजे ओळखफेरी घेत असतील, किंवा दुसऱ्या वसाहतीच्या माश्या मध लुटायला आल्या असतील. गोंधळ याच दिवसांत जास्त होतो. झडीत अडकलेल्या तरुण माश्या एकदम बाहेर पडतात आणि फुलोरा नसल्यामुळे भुकेल्या वसाहतीही शेजारच्या मधावर टपून असतात.

आधी माशीचं तोंड कुठे आहे ते पाहा. ओळखफेरी घेणारी माशी दारातून निघते, लगेच वळते आणि पेटीकडे तोंड ठेवून डावी-उजवीकडे कमानी घेत मागे सरकते. कमानी मोठ्या होत जातात, मग ती वर जाऊन गोल फिरते. साधारण आठवडाभराच्या वयापासून कामकरी माश्या अशा फेऱ्या घेतात. पेटीचा रंग, शेजारचं झाड, मागचा बांध यांचं चित्र त्या दाराच्या संदर्भात लक्षात ठेवतात. कार्टराइट आणि कॉलेट या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं, की खाद्याजवळ खूण म्हणून ठेवलेल्या नळकांड्याचा आकार बदलला तर माशी ते पूर्वीइतकंच मोठं दिसेल त्या अंतरावर जाऊन खाद्य शोधते. म्हणजे जागा सापडते ती डोळ्यांत उतरलेल्या चित्राशी समोरचं दृश्य जुळवून. म्हणून या वेळी पेटीसमोर उभं राहू नये आणि पुढची फांदी छाटू नये.

ही गर्दी बहुधा वीसेक मिनिटांत ओसरते. दारात भांडण नसतं, पराग घेऊन आलेल्या माश्या सरळ आत जातात.

लुटारू माशी दारासमोर हेलकावे खाते, पण पहारेकरी माशीला चुकवण्यासाठी. ती झाकणाच्या फटी, चौकटींच्या कोठीचे सांधे हुंगत फिरते. दारात माश्या एकमेकींना धरून लोळतात, तळपाटावर मेणाच्या टोपणांचा भुगा पडतो. बाहेर पडणारी माशी मधाने जड झालेली असते. पेटीच्या भिंतीवर थोडी चढून मगच ती उडते. हे संध्याकाळपर्यंत चालतं.

एक सापळा मात्र अनुभवी मधपालांनाही चकवतो. नवं खाद्य सापडलं की माशी पहिल्या काही फेऱ्यांत निघताना मागे वळून ती जागा न्याहाळते. लुटारू माशीला मध हेच खाद्य, म्हणून लूट सुरू होतानाही काही माश्या पेटीकडे तोंड करून कमानी घेताना दिसतात. नुसत्या वळण्यावर निकाल देऊ नका, दारातलं भांडण आणि फटींची झडती पाहा. तरी शंका उरली तर बाहेर पडणाऱ्या माश्यांवर चिमूटभर पीठ भुरभुरा आणि पांढऱ्या माश्या कोणत्या पेटीत शिरतात ते पाहा.

ओळखफेरीत काहीच करायचं नसतं. लूट असेल तर दार एक माशी जाईल इतकं, सुमारे 1 सेंटिमीटर, अरुंद करा. भर उन्हात पूर्ण बंद केलं तर आतली वसाहत गुदमरते. फटी मातीने लिंपा, पेटीवर ओली चादर टाका. साखरेचा पाक फक्त संध्याकाळी, पेटीच्या आतच द्यायचा आणि बाहेर सांडलेला थेंबही पुसून घ्यायचा. मेलिफेरा ही परदेशी मधमाशी शेजारी असेल तर सातेरी या देशी मधमाशीकडे जास्त लक्ष हवं, लुटलेली सातेरी घर सोडून निघून जाते.

लूट पाहून पेटी पाच-दहा मीटर बाजूला उचलून ठेवणं सर्वांत वाईट. घरच्या माश्यांच्या डोळ्यांत जुन्या जागेचं चित्र असतं, त्या तिथेच येऊन घिरट्या घालतात आणि दारावरचा पहारा आणखी कमी होतो. हलवायचंच असेल तर रोज दोन-तीन फूट सरकवा, नाहीतर एकदम तीन किलोमीटरपलीकडे न्या. नव्या जागी दारासमोर डहाळ्या टेकवून ठेवा, म्हणजे अडखळलेली माशी निघताना पुन्हा वळून बघेल.