हात वाकतो तेव्हा मागचा स्नायू काय करत असतो?

स्नायूला एकच काम येतं, आखडायचं. तो दोरीसारखा ओढू शकतो, ढकलणं त्याला जमत नाही, म्हणून कोपर वाकवायला पुढे बायसेप्स आणि सरळ करायला मागे ट्रायसेप्स. इथपर्यंत आपण सगळेच शाळेत शिकलोय, पण पुस्तक तिथेच थांबतं याचं मला फार वाईट वाटतं, कारण खरी गंमत पुढे आहे.

एक आखडताना दुसऱ्याने सैल पडायला हवं, तर त्याला हे सांगतं कोण? इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, पुढे 1932 चं नोबेल त्यांना एडगर एड्रियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात ना, तेव्हा मांडीच्या पुढचा स्नायू झटकन ताणला जातो, त्याची खबर मणक्यातल्या मज्जारज्जूत जाते आणि तिथे तिला दोन वाटा फुटतात, एक वाट त्याच स्नायूला आखड म्हणते आणि दुसरी मधल्या एका छोट्या चेतापेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या, चेतापेशींना गप्प बसवते. मेंदूला कळेपर्यंत पाय उडालेला असतो! म्हणजे सैल पडणं हे नुसतं काम न करणं नाहीये, त्याची वेगळी ऑर्डर जाते.

आता भरलेली बादली हळूहळू खाली ठेवून बघा. कोपर सरळ होतंय म्हणजे ट्रायसेप्स काम करत असणार असं वाटतं, पण दुसऱ्या हाताने चाचपलं तर घट्ट लागतो तो बायसेप्स, कारण खाली ओढायला गुरुत्वाकर्षण आहेच, बायसेप्स लांबत लांबत ते वजन धरून ठेवतो. असं लांबत असताना जोर लावणं स्नायूला जास्त झोंबतं, गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यानेच.

कधीकधी दोघं एकदम आखडतात तेही मुद्दाम, म्हणजे उडी मारून खाली येताना किंवा सुईत दोरा ओवताना, त्याने सांधा पक्का राहतो. नवीन सायकल शिकणारा इतका कडक होऊन बसतो आणि लवकर दमतो त्यातही याचा मोठा वाटा आहे, सवय झाली की नको तिथला जोर आपोआप कमी होतो.

आणि ती सैल पडायची ऑर्डर बंदच झाली तर? धनुर्वातात हेच होतं. त्या जंतूचं विष मज्जारज्जूत पोचतं आणि चेतापेशींना थांबवणारी ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं बाहेर सोडूच देत नाही. मग समोरासमोरचे स्नायू एकदम आखडतात आणि जो ताकदवान त्याच्या बाजूला शरीर ओढलं जातं, जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी दणकट म्हणून दातखीळ बसते, पाठीचे दणकट म्हणून शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. चेतापेशीला एकदा चिकटलेलं विष औषधाने काढता येत नाही, त्यामुळे लस आधीच घेतलेली हवी, आणि तिचा असर वर्षांनुसार उतरतो म्हणून मोठ्यांनीही दर 10 वर्षांनी बूस्टर घ्यायचा असतो.