उत्तर समुद्राखालच्या नद्या आवाजाने कशा सापडल्या

तेलाच्या शोधात निघालेल्या सर्वेक्षण-जहाजाला समुद्रतळाखालच्या पहिल्या शंभरेक मीटरमध्ये काडीचा रस नसतो. तेल असतं कित्येक पट खोल. वरच्या थरांची नोंद आपसूक होते आणि तशीच पडून राहते. बर्मिंगहॅम विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ व्हिन्सेंट गॅफ्नी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात पीजीएस या सर्वेक्षण कंपनीकडे नेमकी हीच माहिती मागितली आणि कंपनीने ती दिली. इंग्लंडच्या पूर्वेला, उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात, सुमारे २३,००० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातून नद्या, सरोवरं, खाड्या उलगडत गेल्या. एका नदीला बर्मिंगहॅमच्याच भूशास्त्रज्ञाच्या नावावरून ‘शॉटन’ म्हणतात.

तिथे कधीकाळी जमीन होती, हे आधीच माहीत होतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. १९३१ साली नॉरफोकच्या किनाऱ्यापासून बरंच आत ‘कोलिंडा’ या ट्रॉलरच्या जाळ्यात पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा, गोळा आला. फोडला तर आत शिंगापासून कोरलेलं दातेरी टोक निघालं. पीट गोड्या पाण्यात तयार झालेला होता. या बुडालेल्या भूमीला १९९८ साली ब्रायनी कोल्स यांनी डॉगरलँड हे नाव दिलं. पण नकाशा हाती नव्हता.

तो आवाजाने मिळाला. जहाजामागून ओढलेली एअरगन दाबून भरलेली हवा एकदम सोडते. त्या धमाक्याची लहर पाण्यातून तळाशी, तळातून खालच्या थरांत जाते आणि प्रत्येक सीमेवरून तिचा थोडा अंश परत फिरतो. लांब केबलवरचे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, तो टिपतात. समुद्राच्या पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर. प्रतिध्वनी ४० मिलिसेकंदांनी आला, तर जाऊन-येऊन ६० मीटर झाले, म्हणजे तळ ३० मीटरवर.

पण किती वाजता आला याहून किती जोरात आला, हे मला जास्त मोलाचं वाटतं. प्रत्येक थराची घनता गुणिले त्यातला आवाजाचा वेग, या गुणाकाराला अकूस्टिक इम्पीडन्स म्हणतात. दोन थरांच्या इम्पीडन्समधला फरक भागिले त्यांची बेरीज, एवढा भाग परत येतो. मऊ चिखलाची घनता घनमीटरला १,५०० किलो आणि वेग १,५०० धरला, तर गुणाकार साडेबावीस लाख. घट्ट वाळूचे हेच आकडे २,००० आणि १,७००, म्हणून चौतीस लाख. फरक साडेअकरा, बेरीज साडेछप्पन. लहरीची सुमारे वीस टक्के उंची परतते, ऊर्जा मात्र चारच टक्के, कारण ऊर्जा उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. आता चिखलाखाली पीट असेल तर? पीट हलका, त्याचा गुणाकार चिखलापेक्षा कमी, म्हणून उत्तर उणे येतं. परतलेली लहर उलटी होते; शिखराच्या जागी दरी दिसते. १९३१ साली जाळ्यात अडकला होता तसला थर आता जहाजावर बसून, हात न लावता ओळखू येतो. मला या एका उण्या चिन्हाचं फार कौतुक आहे.

नदीचं पात्र दिसतं ते याच फरकामुळे. नदीने जुन्या वाळूत खोल काप घेतला. समुद्र चढू लागला तशी ती खाडी झाली, खाडीत मऊ चिखल साचला. लाटांनी आजूबाजूचा उंचवटा खरवडून सपाट केला, खोल काप तेवढा वाचला आणि वर समुद्री वाळू पसरली. उभ्या छेदात हा काप फक्त एक खळगा दिसतो, आणि असे खळगे इतर कारणांनीही होतात. त्रिमितीय सर्वेक्षणात मात्र समांतर रेषांची सगळी माहिती एकत्र करून आडवा काप घेता येतो. अळूवडीचा उंडा लांबीने चिरला तर नुसते पट्टे दिसतात, आडवा कापला की वेटोळं दिसतं, तसंच हे. नदीची वळणं, उपनद्यांचे सांधे, सोडून दिलेले फाटे सपाट चित्रावर उमटतात.

या पद्धतीला मर्यादा आहे. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी पाण्यात ३० मीटर. तिच्या चौथ्या हिश्श्याहून, म्हणजे सात-आठ मीटरहून पातळ थर वेगळे काढता येत नाहीत. ३.५ किलोहर्ट्झचा सब-बॉटम प्रोफायलर, म्हणजे तळाखालचे वरचे थर पाहणारं उपकरण, दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत बारकावा देतो, पण तो आवाज फार खोल पोचत नाही.

म्हणूनच आवाजाच्या चित्रांत शहरं शोधण्याचा उत्साह आवरायला हवा. २००१ साली खंबातच्या आखातातल्या सोनार (आवाजाने समुद्रतळ पाहणाऱ्या यंत्राच्या) चित्रांवरून हजारो वर्षांपूर्वीचं बुडालेलं शहर सापडल्याचं थेट केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर केलं. तळावरून खरवडून काढलेल्या लाकडाचं वय सुमारे ९,५०० वर्षं निघालं. लाकूड तेवढं जुनं असेलही. पण त्या आखातातली भरती-ओहोटी प्रचंड जोराची, आणि ओरबाडून वर आणलेली वस्तू कुठल्या थरातली हे सांगता येत नाही. त्यावरून शहराचं वय ठरत नाही, शहर होतं हेही ठरत नाही. तरी तो दावा अजून मोबाइलवर फिरतो आहे.

डॉगरलँडमध्ये पुढचं पाऊल रीतसर पडलं. आधी सिस्मिकवरून, म्हणजे एअरगनच्या लहरींच्या चित्रांवरून, पात्र निश्चित केलं, मग त्याच पात्रात नळी घुसवून गाळाचे गाभे काढले. गाभ्यातले परागकण, शंख-शिंपले, गाळात उरलेला डीएनए तपासला. सुमारे ८,१५० वर्षांपूर्वी नॉर्वेजवळ समुद्राखाली स्टोरेग्गाची प्रचंड दरड कोसळली आणि त्सुनामी उठली. तिने वाहून आणलेला थर अशाच एका गाडलेल्या दरीत सापडला, ते संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं.

आपल्याकडेही वेंगुर्ल्यासमोरच्या उथळ समुद्रात गाळाखाली गाडलेली नदीपात्रं गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवली आहेत. पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे, गाळातल्या मिथेनची. वायूचे बुडबुडे आवाज शोषतात आणि विखुरतात, खालचं चित्र पुसून जातं. असा वायू बहुतेकदा चिखलात गाडलेल्या वनस्पती कुजूनच होतो, आणि जुन्या दऱ्यांतला चिखल तर अशा वनस्पतींनी भरलेला असतो. तिथे वायूच्या पडद्याबाहेर डोकावणाऱ्या काठांवरून पात्राची रुंदी ताडावी लागते. तळ किती खोल, हे गाभा काढल्यावरच कळतं.