ऋतुमानातील प्रादेशिक अपवाद

एखाद्या प्रदेशात पावसाचा जोर किंवा उन्हाचा कडाका आजूबाजूच्या किंवा त्याच अक्षांशावरच्या प्रदेशांपेक्षा वेगळ्या महिन्यांत येतो, तेव्हा तो ऋतुमानातील प्रादेशिक अपवाद ठरतो. सूर्य डोक्यावर आला की उन्हाळा, हे शाळेतले गणित अनेक ठिकाणी चुकते. वारे, समुद्राचे तापमान आणि डोंगररांगा ते बदलून टाकतात.

मध्य भारतात व दख्खनच्या पठारावर सर्वाधिक उष्मा साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत असतो. जुलैतही सूर्य चांगलाच वर असतो, पण ढग ऊन अडवतात, ओल्या जमिनीची बरीचशी उष्णता बाष्पीभवनात खर्ची पडते आणि पारा उतरतो. सहाराच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यातही पावसाआधीचे एप्रिल-मे हेच होरपळवणारे महिने. याउलट सॅन फ्रान्सिस्कोत थंड सागरी प्रवाह आणि धुके भर उन्हाळ्यालाही दाबून ठेवतात. तिथला सर्वांत उबदार महिना सप्टेंबर.

पावसाच्या बाबतीत चेन्नईचे उदाहरण ठळक आहे. नैर्ऋत्य मान्सून देशभर बरसत असताना हे शहर पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेत राहते. ऑक्टोबरपासून ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलून आणतात आणि वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस डिसेंबरपर्यंतच्या तीन महिन्यांत पडतो.

सर्वांत विलक्षण अपवाद मात्र ओमानमधील धोफारचा मानावा लागेल. जूनअखेर ते सप्टेंबर या काळात अरबस्तानाचे वाळवंट भाजून निघत असते, तेव्हा धोफारमधील सलालाह शहरामागचे डोंगर हिरवेगार असतात. या हंगामाला तिथे ‘खरीफ’ म्हणतात. मान्सूनच्या वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगत समुद्राच्या खोलातले थंड पाणी वर येते आणि त्यावरून वाहणारी दमट हवा गार होते. वाळवंटाकडील उष्ण, कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. त्यामुळे उंच पावसाळी ढग तयार होत नाहीत. दाट धुके आणि झिमझिम मात्र उतारांना बिलगून राहते. झाडांच्या पानांवर धुक्याचे थेंब साचतात, ठिबकतात आणि खालची माती भिजवतात. पर्जन्यमापकातला आकडा लहान दिसतो, पण जंगल जगते ते या ठिबकण्यावरही. केवळ मिलिमीटर मोजून अशा प्रदेशाचे हवामान कळत नाही.

केनियाच्या बऱ्याच भागात विषुववृत्तीय पर्जन्यपट्टा दोनदा सरकत जातो, म्हणून मार्च-मे आणि ऑक्टोबर-डिसेंबर असे दोन पावसाळे असतात.

हे अपवाद दरवर्षीचे असल्याने शेती त्यांच्याशी जुळवून घेते. एखाद्याच वर्षी होणारे विचलन अधिक घातक असते. 2019 मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्व भाग थंड राहिला. वर्षअखेरीस पूर्व आफ्रिकेत पूर आले, तर ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि वणवे भडकले. तरीही अशा खुणांवरून भाकीत करताना सावधगिरी हवी. 1997 मध्ये एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा तापण्याची, भारतातला पाऊस सहसा घटवणारी स्थिती, अत्यंत तीव्र असूनही भारतातला मान्सून जवळपास सरासरीइतका झाला.