मेथीच्या जुड्यांमागचा चौकोन

बाजारात त्याला क्यूआर कोड कोणी म्हणत नाही. ‘मावशी, स्कॅनर कुठाय?’ असं विचारलं की मेथीच्या जुड्यांमागून एक पाटी पुढे येते. खरं तर स्कॅन करतो आपला फोन. पाटी म्हणजे नुसता छापील कागद. पण शब्द रुळला तो रुळला. हे सगळं करोनाने आणलं, हा समजही असाच रुळलाय. करोनाने ते हातगाडीपर्यंत ढकललं, एवढं खरं. चौकोन आणि त्यामागची व्यवस्था, दोन्ही त्याआधीची.

चौकोन जपानी कारखान्यातला. टोयोटा समूहातल्या डेन्सो कंपनीत सुट्या भागांच्या खोक्यांवर बारकोड असत. एका बारकोडात जेमतेम वीसेक अक्षरं मावत, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड, आणि ते दिवसभर वाचून कामगार वैतागलेले. मासाहिरो हारा या अभियंत्याला यावरचा उपाय ‘गो’च्या पटावर दिसला. जेवणाच्या सुट्टीत हा खेळ खेळताना काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांकडे बघून त्यांच्या मनात आलं, की माहिती आडवीच का, उभीही भरता येईल. १९९४ मध्ये कोड तयार झाला. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांची मापंही उगाच ठरलेली नाहीत. नाना प्रकारचा छापील मजकूर तपासून, काळ्या-पांढऱ्याचं जे प्रमाण सर्वांत क्वचित आढळतं तेच, म्हणजे १:१:३:१:१, त्यांनी उचललं. त्यामुळे यंत्र कोडाऐवजी भलतंच काही वाचत नाही. कारखान्यात तेल-ग्रीस लागणारच, म्हणून कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता यावा अशी सोय केली. आज पाण्याचे शिंतोडे उडालेली, हळदीचं बोट लागलेली पाटी चालते ती या सोयीमुळे. कंपनीने पेटंट घेतलं, पण कोड वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत.

दुसरा धागा मुंबईचा. बँकांमधल्या पैशांच्या देवघेवीची व्यवस्था चालवणारं नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन २००८ मध्ये स्थापन झालं. २०१० मध्ये त्याची आयएमपीएस ही सेवा आली आणि रात्री-बेरात्री, सुट्टीच्या दिवशीही पैसे तत्काळ पाठवता येऊ लागले. त्याच रुळांवर यूपीआय उभं राहिलं. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी मुंबईत त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा त्याची फारशी चर्चा झाली नाही. सात महिन्यांनी नोटाबंदी आली. एटीएमच्या रांगेत उभं राहून दमलेल्यांना यूपीआय कळलं, पण नव्या नोटा हातात येताच बरेच जण परत रोखीकडे वळले.

माझ्या मते खरी कलाटणी १ जानेवारी २०२० ची. त्या दिवसापासून यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतला जाणारा आकार शून्यावर आला. कार्डाचं यंत्र ठेवायचं तर दर विक्रीमागे कट द्यावा लागतो. इथे खर्च फक्त कागदाचा.

मग मार्च उजाडला. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. लोक दुधाच्या पिशव्या धुऊ लागले, नोटांवर इस्त्री फिरवू लागले. टाळेबंदीत दुकानंच बंद, त्यामुळे यूपीआय व्यवहारही आधी घसरले: मार्चमध्ये सुमारे १२५ कोटी, एप्रिलमध्ये १०० कोटींच्या आत. ऑक्टोबरमध्ये मात्र २०० कोटींच्या पुढे. जूनमध्ये आलेल्या स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांचं कर्ज होतं आणि डिजिटल व्यवहारांवर थोडा कॅशबॅकही. अनेक गाड्यांवर पाटी लागली ती तेव्हा.

गंमत अशी, की ज्या भीतीने हे घडलं ती बरीचशी चुकीची निघाली. पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असते, असं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. शिवाय लोकांनी रोख सोडलीच नव्हती. २०२०-२१ या वर्षात चलनातल्या नोटांचं मूल्य १६.८ टक्क्यांनी वाढलं. स्पर्शाला भिणाऱ्यांनी नोटा कपाटात साठवल्या आणि भाजीचे पैसे फोनवरून दिले.

मग भीती गेल्यावर पाटी का टिकली? सुट्ट्यांमुळे. तीन रुपये परत द्यायचे तर दुकानदार हातात चॉकलेट टेकवायचा, ते संपलं. पुढे पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे निघाले, म्हणून पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा बोलका डबा आला. आता मावशींची प्रत्येक विक्री शेजारच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाते.

सरकारलाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बेंगळुरूत काहींनी कोड काढून ‘फक्त रोख’ असे फलक लावले.

आमच्या मावशींची अडचण वेगळीच आहे. पाटीवर नाव मुलाचं, खातं मुलाचं. डबा बोलला की त्या मान हलवतात, पण पैसे त्यांच्या हातात येत नाहीत. म्हणून संध्याकाळी सातनंतर त्या पाटी उलटी करून ठेवतात आणि रोखच मागतात. टेम्पोवाल्याचं भाडं त्यातूनच निघतं.